आधी रक्तातलं कॅल्शियम, मग हाडाचं इंजेक्शन

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

ह्या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं हाडांचीच आहेत. थंडी पडली की दरवर्षी असंच होतं. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. बाकीच्यांनी रुसू नये.

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची. जन्म निपाणीत गेला, चाळीस वर्षं विड्या वळल्या. गेल्या दिवाळीत न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे ३.१ आला. बेळगावच्या डॉक्टरांनी वर्षातनं एकदा द्यायची सलाइन सांगितली. ठरल्या दिवशी गाडी करून गेलो, तर रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी सलाइन दिलीच नाही. कॅल्शियम ८.१, अल्ब्युमिन ३.९, ड जीवनसत्त्व ९, क्रिएटिनिन ०.८. सिस्टर म्हणाली, 'कॅल्शियम कम्मी ऐती, दोन महिन्यानं या.' कॅल्शियम कमी म्हणून तर हाड ठिसूळ झालं ना? मग औषधाची गरज जास्त असताना ते थांबवायचं कसं? की रक्तात कॅल्शियम कमी असलं तर औषध हाडात बसतच नाही? – एक मुलगा, निपाणी

उत्तर : तुम्हाला मोकळ्या हातानं परत पाठवलं, आणि ते बरोबर केलं. रिपोर्ट आदल्या दिवशी फोनवर ऐकून घेतला असता तर गाडीभाडं वाचलं असतं, एवढी तुमची तक्रार मात्र मला मान्य आहे.

रक्तातलं कॅल्शियम आणि हाडातलं कॅल्शियम हे दोन वेगळे हिशेब आहेत. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्त, स्नायू, नसा ह्या सगळ्यांच्या वाट्याला उरलेला एक टक्का. पण हृदयाचे ठोके त्याच एक टक्क्यावर चालतात, म्हणून शरीर तो ढळू देत नाही. आमच्या आजीच्या घरी माजघरात कणगी होती आणि चुलीपाशी पिठाचा डबा. डबा रिकामा दिसायचा नाही हा घरचा कायदा. डबा उतरला की कणगीला हात लागायचा, मग कणगी तळाला जाईना का. रक्त म्हणजे तो डबा आणि हाड म्हणजे कणगी. म्हणूनच हाडं पोखरून निघालेल्या कितीतरी बायकांच्या रक्तातला आकडा ८.५ ते १०.५ च्या मधे नीट बसलेला असतो, आणि त्या मला ऐकवतात, 'बाई, माझं कॅल्शियम नॉर्मल आहे, मग हाडाचं औषध कशाला?' तुमच्या आईंचं उलटं झालंय. कणगीतनं काढून काढूनही डबा भरेना.

(अल्ब्युमिनचा आकडा लिहिलात ते बरं केलंत. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की कॅल्शियम कमी दिसतं, पण ते खरं कमी नसतं. ४ मधनं अल्ब्युमिन वजा करायचं, ०.८ नं गुणायचं आणि कॅल्शियममधे मिळवायचं. तुमच्या आईंचं त्यानं ८.१ चं ८.२ सुद्धा धड होत नाही, म्हणजे हे खरंच कमी आहे. अल्ब्युमिन २.९ असतं तर हाच आकडा ९ झाला असता आणि मी म्हटलं असतं, द्या सलाइन.)

आता तुमचा खरा प्रश्न, औषध हाडात बसतं कसं. वर्षातनं एकदा देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम. आठवड्याच्या गोळीत असतं ते अलेंड्रोनेट. दोन्ही एकाच कुळातली, बिसफॉस्फोनेट. ह्या कुळाची गोष्ट मजेशीर आहे. बोअरचं पाणी तापवून तापवून गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो कॅल्शियमचाच. असा थर कारखान्याच्या नळांत बसू नये म्हणून फॉस्फेटच्या जातीची रसायनं पाण्यात घालायची रीत जुनी आहे. ती कॅल्शियमच्या स्फटिकाला जाऊन चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. स्वित्झर्लंडमधे हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं, की ह्यांचीच भावंडं हाडाच्या स्फटिकालाही तशीच धरतात, आणि वर हाडाची झीजही थांबवतात. त्यांचे लेख १९६९ साली आले. गोळी म्हणून अलेंड्रोनेट अमेरिकेत बाजारात यायला १९९५ उजाडलं.

तेव्हा हे औषध पकडतं ते हाडाच्या स्फटिकातलं कॅल्शियम. रक्तातलं थोडं कमी-जास्त असल्यानं पकड सैल होत नाही. शिरेतनं दिलेल्यापैकी साधारण ४० टक्के पहिल्या चोवीस तासांतच लघवीवाटे जातं, बाकीचं हाडावर बसतं आणि वर्षानुवर्षं बसून राहतं. किती बसणार हे दोन गोष्टींवर: मूत्रपिंड किती बाहेर टाकतं, आणि हाडाची मोडतोड किती जागी चालू आहे. जिथं हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात तिथला स्फटिक उघडा पडतो, आणि औषध तिथंच जास्त जाऊन बसतं. मग त्या पेशी हाडाबरोबर औषधही गिळतात आणि गारद होतात.

तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे, फक्त ते एक घर पुढं आहे. ड जीवनसत्त्व ९ म्हणजे फारच कमी. २० च्या खाली आम्ही कमतरता म्हणतो. ड पुरेसं असलं तर आतडं जेवणातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम उचलतं, नसलं तर १० ते १५ च. असं वर्षानुवर्षं चाललं की नवं हाड नुसतं सांगाड्यासारखं घडत जातं, त्यात कॅल्शियम भरलंच जात नाही. विटा रचल्या पण सिमेंट नाही, तसं. जिथं स्फटिकच नाही तिथं औषध धरणार कशाला? अशा मऊ हाडाला आधी कॅल्शियम आणि ड लागतं. हाडाचं औषध मागाहून. आईंना पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का, मांड्या आणि बरगड्या दाबल्या की दुखतात का, एवढं बघा आणि डॉक्टरांना सांगा. ते अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथॉर्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) ह्या रक्ताच्या दोन तपासण्या सांगतील बहुतेक.

पण सलाइन थांबवायचं मोठं कारण वेगळंच आहे. हे औषध कणगीचं तोंड बंद करतं. त्यासाठीच ते द्यायचं असतं. डबा भरलेला असताना तोंड बंद केलं तर काही बिघडत नाही. पण डबा आधीच रिकामा, आतड्यातनं येणारं तुटपुंजं, सगळी भिस्त कणगीवर, आणि तीच बंद केली, तर?

तर काय होतं ते मी माझ्या आईच्या अंगावर बघितलंय.

२०१९ चा एप्रिल. आई तेव्हा ७८ ची. भाच्याचं लग्न मे महिन्यात, त्याच्या आधी तिची सलाइन उरकून टाकू असं मीच ठरवलं. कॅल्शियमचा रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा होता. जिथं सलाइन द्यायची होती तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, 'नवीन रिपोर्ट?' मी म्हटलं, 'घरचीच पेशंट आहे, मी आहे ना.' डॉक्टर स्वतः घरच्या माणसाला आणते तेव्हा समोरचा जास्त बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी. ते पहिल्या खेपेला पुष्कळांना होतं, पॅरासिटामॉलनं दोन दिवसांत उतरलं. मी निर्धास्त.

आठव्या दिवशी आई शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी परसात संडगी मिरच्या भरत बसली होती. मला म्हणाली, 'अगे, ओठाला मुंग्या यालेत बघ.' मी म्हटलं मिरचीचा हात लागला असेल. रात्री पोटरीत गोळे. सकाळी बीपी बघायला म्हणून पट्टा बांधला, वरच्या आकड्याच्या थोडा वर फुगवला आणि मुद्दाम तीन मिनिटं तसाच ठेवला, कारण एव्हाना माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तीन मिनिटं पुरी व्हायच्या आत तिचं मनगट आत वळलं, अंगठा तळव्याकडं गेला आणि चारी बोटं सरळ, टोकाशी जुळलेली. रांगोळीची चिमूट धरावी तशी. आईला ती बोटं स्वतःहून सोडवता येईनात. हे लक्षण ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ साली लिहून ठेवलंय. मी ते परीक्षेत घोकलेलं, आणि बघितलं ते आईच्या हातावर.

कॅल्शियम ६.९ निघालं. मॅग्नेशियमही कमी, आणि त्याचं कारण होती ॲसिडिटीची गोळी. ती तिला सहा वर्षं रोज चालू होती, माझ्याच चिठ्ठीवर. ह्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि मॅग्नेशियम उतरलं की कॅल्शियम कितीही द्या, वर येत नाही. तिला दाखल केलं, ईसीजी लावून शिरेतनं कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू दिलं, मॅग्नेशियम दिलं. तिसऱ्या दिवशी घरी आली. सलाइन चालू असताना मला म्हणाली, 'पानाला चुना लावू देत नव्हतीस, आणि आता शिरेतनं सोडालीस काय?'

ड जीवनसत्त्व तेव्हा ११ होतं. आदल्या दिवशी सुई टोचून बघितलं असतं तर एवढं काही झालं नसतं.

तेव्हा दोन महिने थांबा, पण हात बांधून नव्हे. डॉक्टरांनी ड ची ६०,००० युनिटची पुडी दिली असेल. ती आठवड्यातनं एकदाच, साधारण आठ आठवडे. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर दोनदा. नाचण्याची भाकरी, तीळ, दूध-ताक हे आहेच. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे आंबिलीला नाक मुरडू नका. मग पुन्हा कॅल्शियम, ड आणि क्रिएटिनिन बघायचं. क्रिएटिनिन, वय आणि वजन ह्यांवरनं मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात, ती ३५ च्या खाली असेल तर ही सलाइन देत नाहीत. तुमच्या आईंचं वजन तुम्ही लिहिलं नाही, पण ४५ किलो धरलं तरी ही क्षमता ४५ च्या घरात येते, तेव्हा त्या बाजूनं काळजी नाही. एखादा दात काढायचा असेल तर तो आत्ताच काढून घ्या, नंतर नको. सलाइनच्या दिवशी भरपूर पाणी पाजा, आणि नंतर कॅल्शियम-ड बंद करू नका. पहिले पंधरा दिवस तर एकही गोळी चुकवू नका. त्या दिवसांत ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, पायात गोळे आले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा.

कुणी म्हणेल ही सलाइन नको, सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली घ्यायचं डेनोसुमॅब घ्या. ते हाडावर बसतच नाही, रक्तात फिरून कुरतडणाऱ्या पेशींना मिळणारा निरोपच अडवतं. पण कॅल्शियमची अट त्यालाही तीच, किंबहुना कडक. मूत्रपिंड दुबळं असेल तर त्यानं कॅल्शियम जिवावर बेतेल एवढं उतरू शकतं. आणि ते एकदा सुरू केलं की तारीख चुकवायची नाही. दुसरं औषध न देता मधेच सोडलं तर मणके एकापाठोपाठ एक दबल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न : दर सोमवारी माझा उपवास असतो. हाडाची आठवड्याची ७० ची गोळी मी त्याच दिवशी सकाळी दुधाबरोबर घेते, दुधात कॅल्शियम असतं म्हणून. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. थायरॉइडची गोळीसुद्धा चालू आहे. दोन वर्षं झाली, डेक्सात काहीच फरक नाही. गोळी बनावट असेल काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : गोळी खरी असेल अक्का, पण ती तुमच्या हाडापर्यंत पोचलीच नाही. वर निपाणीच्या मुलाला मी सांगितलं, की रक्तातल्या कॅल्शियमनं औषध बसायचं थांबत नाही. पोटातल्या कॅल्शियमचं मात्र तसं नाही. हे औषध कॅल्शियम दिसेल तिथं मिठी मारतं. दुधात दिसलं तर दुधातच मारतं, आणि ती जोडी आतड्यातनं आत न जाता तशीच बाहेर पडते. अहो, नुसत्या उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तरी ह्या गोळीतला शंभरातला एक भागसुद्धा रक्तात जात नाही. ७० मिलिग्रॅममधलं अर्धं मिलिग्रॅमही नाही. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलंही ६० टक्के कमी होतं. नाश्त्याबरोबर किंवा नाश्त्यानंतर दोन तासांच्या आत घेतली तर न घेतल्यासारखीच. दोन वर्षं तुम्ही जवळजवळ शंभर गोळ्या गिळल्यात आणि सगळ्या वाया.

सोमवार चांगला दिवस धरलात, तो बदलू नका. उठल्याउठल्या, चहाच्या आधी, गोळी न चघळता एक पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पाणी फिल्टरचं असूद्या. बोअरचं जड पाणी नको, बाटलीतलं खनिजवालंही नको, त्यातही कॅल्शियम असतं. मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. अंगण झाडा, तुळशीला पाणी घाला, पण पुन्हा गादीवर नको. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. तुम्हाला छातीत जळजळ होत असेल किंवा गिळताना अडकत असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना तसं सांगा.

कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर. डब्यावर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलेलं असतं, त्यात कॅल्शियम ५०० च असतं, आणि एका वेळी तेवढंच आतडं नीट पचवतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणाबरोबर. ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर सायट्रेट बरं. राहिली थायरॉइडची. तिलाही सकाळचीच उपाशी वेळ हवी आणि कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर. सोमवारपुरती ती रात्री झोपताना, जेवण होऊन तीन तास झाल्यावर घेतली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक हो म्हणतील.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय, की रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातनं घेतला तर हाडांची झीज भरून येते आणि गोळ्या-इंजेक्शनांची गरज राहत नाही. आमच्या गल्लीत सगळे घ्यायला लागलेत. – एक आजोबा, येळ्ळूर

उत्तर : गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात निम्मं पाणीच. उरलेल्यातनं कॅल्शियम मिळतं एका घोट दुधाइतकं. तेवढ्यासाठी दाहक पदार्थ पोटात घालायचा? आजोबा, ज्या दह्यातनं तुम्ही चुना घेता ते दही वाटीभर खा आणि चुना भिंतीला ठेवा. तंबाखूला लावत असाल तर तोही सोडा, हाडासाठी नाही तर तोंडासाठी. आणि हाड एकदा टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली गेलं, की नुसत्या कॅल्शियमनं, मग ते चुन्यातलं असो की महागड्या डब्यातलं, भरून निघत नाही.

प्रश्न : वय ६३. गुडघे दुखतात म्हणून ड ची पुडी मी रोज एक अशी तीन महिने घेतली, शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या. आता फार तहान लागते, पोट साफ होत नाही, मळमळतं. कॅल्शियम ११.६ आलंय. जास्त आहे म्हणजे हाडं मजबूत होत असतील ना? – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. दोन्ही आजपासून बंद. ही पुडी आठवड्याची असते, तुम्ही ती रोज घेतलीत. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ ही वाढलेल्या कॅल्शियमचीच लक्षणं, आणि त्याचा मार मूत्रपिंडाला बसतो. पत्राच्या उत्तराची वाट न बघता तुम्ही डॉक्टरांकडं गेला असाल अशी आशा आहे. नसाल तर हे वाचून झालं की निघा. सोबत रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट न्या, कारण लघवी जास्त करवणाऱ्या काही गोळ्यांनीही कॅल्शियम वाढतं. ड, क्रिएटिनिन आणि पॅराथॉर्मोन तिन्ही तपासायला सांगा. पॅराथॉर्मोन उतरलेलं असलं तर दोष पुडीचा. ते जास्त निघालं, तर गळ्यातल्या डाळीएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एखादी आधीपासूनच वाढलेली असू शकते, आणि मग गोष्ट वेगळी. आकडे आले की मला कळवा. अल्ब्युमिनही लिहा.